बीजदोष आणि अश्मरी : सूचींतील दोन शेऱ्यांच्या निमित्तानें

वैद्यक पोथ्यांच्या एका खासगी संग्रहाची सूची आमच्याकडे अभिप्रायार्थ आली होती. तींत चरकसंहितेच्या शारीरस्थानाच्या एका त्रुटित प्रतीपुढें ‘जनुकशास्त्राचा मूळ ग्रंथ’ असा शेरा होता. आणि सुश्रुताच्या अश्मरीनिदानापुढें ‘मूत्रपिंडाचें कार्य येथें सांगितलें आहे’ असा दुसरा. पोथीवरचा चुकीचा शेरा पोथीइतकाच टिकतो, म्हणून या दोहोंचा विचार करणें आम्हांस अवश्य वाटलें. त्यासाठीं ज्या रोगांत बीज, मूत्रपिंड व अश्मरी हीं तिन्ही एकत्र येतात, असा सिस्टिन्युरिया हा आनुवंशिक मुतखड्याचा विकार आम्ही कसोटीस घेतला आहे.

प्रथम ग्रंथ पाहूं. ज्या अवयवाचा बीजभाग उपतप्त होतो त्याच अवयवास विकृति येते, असें चरक शारीरस्थानाच्या तिसऱ्या अध्यायांत म्हणतो. चौथ्यांत बीजभाग व त्याचाहि अवयव असा भेद करून दोहोंच्या दोषांचीं निरनिराळीं फळें सांगतो. सुश्रुतानें सूत्रस्थानांत आदिबलप्रवृत्त व्याधींचा मातृज व पितृज असा विभाग केला आहे. ही दृष्टि सूक्ष्म आहे यांत संशय नाहीं. परंतु मातापिता दोघेंहि निरोगी असतां, दोघांच्या ठायीं लपलेला दोष अपत्यांत एकत्र येऊन प्रकट व्हावा, ही गणना या स्थळीं आम्हांस कोठेंहि आढळत नाहीं.

मूत्रासंबंधीं सुश्रुताचें म्हणणें तर स्पष्टच आहे. पक्वाशयांतील सहस्रावधि सूक्ष्म नाड्या बस्ति भरतात. नवा घट तोंडापर्यंत पाण्यांत ठेवला असतां जसा बाजूंनीं पाझरून भरतो, तशी ती भरते. दृष्टांत उत्तम आहे. पण वृक्क येथें नाहींत! ते त्यानें रक्तमेदाच्या प्रसादापासून झालेले मानून मेदोवह स्रोतसांच्या मुळाशीं घातले, व मूत्रवह स्रोतसांचें मूळ बस्तीकडे दिलें. खडा बस्तींत सांपडतो, म्हणून उगमहि तेथेंच शोधला गेला असावा.

यांत हंसण्यासारखें कांहीं नाहीं, कारण युरोपांतहि पुष्कळ काळ असेंच घडलें. १८१० सालीं विल्यम वोलस्टन यानें रॉयल सोसायटीपुढें एका नव्या जातीच्या खड्याचें वर्णन केलें. हा खडा त्यास नॉर्विचच्या डॉ. रीव्ह यांच्याकडून मिळाला, आणि तो होता त्यांच्या भावाचा. ग्रीकांत बस्तीस ‘किस्टिस’ म्हणतात, त्यावरून त्यानें त्यास ‘सिस्टिक ऑक्साइड’ म्हटलें; पुढें बर्झेलिअसनें ‘सिस्टिन’ केलें. १८९९ सालीं मर्नर यानें तेंच द्रव्य शिंगांतून काढून दाखविलें, तरी नांव बस्तीचेंच राहिलें. आर्चिबाल्ड गॅरॉड यानें १९०८ च्या व्याख्यानांत हा विकार जन्मजात मानला हें खरें, परंतु दोष शरीरांतील रसपाकावर ठेवला.

मूत्रपिंडावरचा आरोप सिद्ध झाला तो १९५१ सालीं, डेंट व रोज यांच्याकडून. मूत्रपिंडांत अहोरात्रांत सुमारें १८० लिटर द्रव गाळला जातो. मूत्र होऊन बाहेर पडतें तें दीड-दोन लिटर. बाकीचें, उपयुक्त द्रव्यांसह, सूक्ष्म नलिका परत घेतात. या रोग्यांच्या मूत्रांत सिस्टिनबरोबर लायसिन, आर्जिनिन व ऑर्निथिन हींहि वाहून जात, रक्तांत मात्र तीं वाढलेलीं नसत. अर्थात् चौघांचें परत येण्याचें दार एकच, आणि तेंच मोडलेलें. इतर तिघें पाण्यांत सहज विरघळतात. सिस्टिन लिटरभर मूत्रांत जेमतेम पाव ग्रॅम विरतें, उरलेलें खडा होतें; म्हणून अशा रोग्यास रात्रीं उठूनहि पाणी पिण्यास सांगतात. सुश्रुताच्या घटांत पाझरणें आहे, परत घेणें नाहीं; आणि रोग तर परत घेण्यांतच आहे.

हें दार दोन प्रथिनांच्या जोडीचें आहे. एकाचें जनुक दुसऱ्या गुणसूत्रावर १९९४ सालीं, दुसऱ्याचें एकोणिसाव्यावर १९९९ सालीं या रोगाचें कारण म्हणून ओळखलें गेलें. गंमत अशी कीं, सिस्टिनचे दोन अर्धे ज्या गंधकाच्या बंधानें जोडलेले असतात, तसल्याच बंधानें हीं दोन प्रथिनें एकमेकांस बांधलेलीं आहेत. पहिलें दुसऱ्यास पेशीच्या पृष्ठभागीं नेऊन पोंचवितें, दुसरें प्रत्यक्ष वाहतूक करतें. कोणत्याहि एका जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या कीं रोग होतो. एकाची एक व दुसऱ्याची एक बिघडल्यास सहसा पूर्ण रोग होत नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं बेटसन व त्याच्या सहकाऱ्यांनीं स्वीट पी या फुलवेलीच्या दोन पांढऱ्या जातींचा संकर करून जांभळीं फुलें मिळविलीं, व पुढच्या पिढींत जांभळ्या-पांढऱ्यांचें प्रमाण नवास सात आलें. तेथेंहि एका रंगामागें दोन बीजघटक होते.

‘अमुक अवयवाचा अमुक बीजभाग’ इतकेंच म्हणणाऱ्या वचनांत ही परस्परसापेक्षता वाचणें म्हणजे टीकाकारानें मूळांत स्वतःची ओळ घुसडण्यासारखें आहे. पहिल्या शेऱ्याऐवजीं ‘बीजदोषविचार, शारीर अध्याय ३ व ४’, आणि दुसऱ्याऐवजीं ‘बस्तिपूरणाचा घटदृष्टांत, वृक्कांचा उल्लेख नाहीं’ असें लिहावें, असें आम्ही संग्राहकांस कळविलें. दुसरा शेरा त्यांनीं तत्काळ बदलला. पहिल्याविषयीं त्यांचें उत्तर अद्याप आलेलें नाहीं.