कोलेस्टेरॉलच्या संशोधनातील डुक्कर

हृदयाला रक्त पुरविणाऱ्या रोहिणीच्या अस्तराखाली मेद साचत जातो, त्यावरचा पातळ पापुद्रा एके दिवशी फाटतो आणि तेथे रक्ताची गुठळी धरते. हृदयविकाराचे बहुतेक झटके असे येतात. ही प्रक्रिया पुरी व्हायला माणसात काही दशके लागतात आणि तिचा प्रत्येक टप्पा जिवंत माणसाची रोहिणी कापून पाहता येत नाही. साहजिकच संशोधकांना प्राण्यांचा आधार घ्यावा लागला. रशियात सेंट पीटर्सबर्ग येथे निकोलाय अनिचकोव यांनी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घातले आणि त्यांच्या रोहिण्यांत मेदाचे थर धरतात, हे १९१३ मध्ये दाखवून दिले. आक्षेप लगेच आला. ससा शुद्ध शाकाहारी. कोलेस्टेरॉल पचविण्याची त्याच्या शरीराला सवयच नाही, मग त्याच्यावरून माणसाबद्दल काय सांगणार?

पुढे प्रयोगशाळांत उंदराचे राज्य आले. तो स्वस्त, लवकर वाढणारा आणि जनुकीय बदल करण्यास सोपा. परंतु या बाबतीत त्याची अडचण मूलभूत आहे. उंदराच्या रक्तातील बरेचसे कोलेस्टेरॉल एचडीएल, म्हणजे ज्याला 'चांगले' म्हटले जाते त्या कणांतून वाहते, त्यामुळे त्याच्या रोहिण्या सहसा स्वच्छ राहतात. आजार निर्माण करायचा तर त्याची जनुकेच बदलावी लागतात.

डुकराचे तसे नाही. ते माणसासारखेच सर्वभक्षी आहे आणि त्याच्या रक्तातील कोलेस्टेरॉल मुख्यतः एलडीएल कणांतून वाहते. त्याच्या हृदयाचा आकार व रोहिण्यांची रचना माणसाच्या हृदयाशी इतकी जुळते, की रोहिणीत बसविण्याचे स्टेंट माणसाआधी बहुधा डुकरात बसवून पाहिले जातात. वय वाढले की डुकराच्या रोहिण्यांत मेदाचे थर आपोआपही दिसू लागतात.

या संशोधनातील सर्वांत बोलके प्रकरण अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे. यान रापाच आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तेथील डुकरांच्या एका कुळात जन्मजात वाढलेले कोलेस्टेरॉल आढळले. त्यांच्या खाद्यात कोलेस्टेरॉल नव्हते आणि मेदही अल्प होता, तरीही त्यांच्या हृदयाच्या रोहिण्या तुंबत होत्या. १९८६ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा संशय एलडीएल कणावरील प्रथिनावर होता. खरा दोष १९९८ मध्ये सापडला. यकृताच्या पेशींवर एलडीएल पकडून आत घेणारा एक ग्राही असतो. त्याच्या जनुकातील एकच अक्षर बदललेले होते. माणसातील आनुवंशिक अतिकोलेस्टेरॉल या विकारात बहुतांशी हाच ग्राही सदोष असतो, आणि त्याच्याच शोधासाठी मायकेल ब्राउन व जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले होते. 'तेलतूप सोडले तरी आकडा खाली येत नाही' असे सांगणाऱ्या काही रुग्णांचे म्हणणे खरे असू शकते, याचा हा चार पायांचा पुरावाच!

निसर्गाने दिलेल्या नमुन्यानंतर घडविलेला नमुना आला. पीसीएसके९ हे प्रथिन या ग्राहीला नष्ट करविते. त्या प्रथिनाचे अतिक्रियाशील मानवी रूप डेन्मार्कमधील संशोधकांनी क्लोनिंगच्या मदतीने युकातान जातीच्या लहान डुकरांत आणले आणि त्यांच्या रोहिण्यांत मेदाचे थर धरल्याचे २०१३ मध्ये जाहीर केले. या प्रथिनाला रोखणारी इंजेक्शने २०१५ पासून रुग्णांसाठी उपलब्ध आहेत.

लठ्ठपणा व मधुमेहाकडे नेणाऱ्या चयापचयाच्या अभ्यासासाठी मात्र ओसाबॉ जातीला मागणी असते. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्याच्या किनाऱ्यालगत या नावाचे बेट आहे. स्पॅनिश लोकांनी आणलेल्या डुकरांचे वंशज तेथे शतकानुशतके रानात वाढले. अन्नाच्या सुगीत चरबी साठवायची आणि टंचाईत ती पुरवून वापरायची, अशी त्यांच्या शरीराची घडण झाली. त्यांना पिंजऱ्यात बारमाही मेदयुक्त खाद्य मिळाले, की ती लठ्ठ होतात, इन्शुलिनला दाद देत नाहीत आणि रक्तदाबही वाढतो.

तरीही साम्याचा अतिरेकी अर्थ काढणे धोक्याचे. माणसात नवा मेद मुख्यतः यकृतात तयार होतो, डुकरात तो चरबीच्या ऊतीतच होतो. एचडीएलमधील कोलेस्टेरॉल एलडीएलकडे वळविणारे सीईटीपी हे प्रथिन माणसात भरपूर असते, डुकराच्या रक्तात त्याची क्रिया जवळजवळ नसते. त्यावरील औषधांसाठी टीकेचा धनी झालेला ससाच अधिक उपयोगी पडतो. शरीर ऊबदार ठेवण्यासाठी मेद जाळणारे यूसीपी१ हे जनुकही डुकराच्या वंशात फार पूर्वी निकामी झाले आहे, म्हणून तपकिरी मेदाच्या अभ्यासात ते जसेच्या तसे चालत नाही.

खर्चाचा प्रश्न वेगळाच. पूर्ण वाढलेले शेतावरचे डुक्कर दोनशे किलोच्याही पुढे जाते; त्याला जागा, खाद्य आणि औषधाची मात्रा, सारेच जास्त लागते. जर्मनीतील ग्योटिंगेन विद्यापीठात १९६० च्या दशकात बुटक्या जातीची पैदास झाली ती याच गरजेतून. ही डुकरे सुमारे चाळीस किलोंवर थांबतात. रोहिणीतील थर पिकायला मात्र त्यांच्यातही महिनोन्महिने वाट पाहावी लागते आणि अखेरीस रोहिणी तपासण्यासाठी प्राण्याला बहुधा मारावेच लागते. त्यामुळे एका प्रयोगात मोजकीच डुकरे वापरली जातात.