श्रोत्याच्या प्रश्नातून जन्मलेले पुराण

रविवारचे प्रवचन धर्मगुरूंनी करावे व भाविकांनी निमूटपणे ऐकावे, असा आपला समज आहे. ‘ख्रिस्तपुराण’ वेगळेच सांगते. १५७९ साली गोव्यात आलेल्या येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांच्या या काव्यग्रंथात साष्टीचा एक श्रोताच पाद्रीगुरूंना विचारतो : जुनी पुराणे वर्ज्य केलीत, मग आम्ही वाचावे काय? त्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे १६१६ साली राचोलला छापलेले हे मराठी पुराण. ते रविवारी व सणांना चर्चमध्ये वाचले जाई. १६८४च्या पोर्तुगीज फर्मानाने लोकभाषेवरच घाला घातला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेत लोकभाषेला वाव दिला आणि प्रवचनाला उपासनेचाच भाग मानले. भाषा परत मिळाली. साष्टीच्या त्या श्रोत्यासारखे विचारण्याचे धैर्य मात्र आपणच दाखवायचे आहे.