आडनावाचा आवाज : ज्याँ-ब्लेझ मार्तँ

१९११ साली पॅरिसच्या ऑपेरा-कॉमिकमध्ये मोरीस राव्हेलचा 'लर एस्पान्योल' हा एकांकी ऑपेरा रंगभूमीवर आला. त्याच्या स्वरलिपीतील पात्रयादीत प्रत्येक नावापुढे आवाजाची जात दिली आहे. खेचरवाल्या रामिरोपुढे 'बॅरितोन-मार्तँ' असे आहे, घड्याळजी तोर्केमादापुढे 'त्रियाल'. या संज्ञा म्हणजे दोन गायकांची आडनावे होत. त्रियाल १७९५ मध्ये वारला, मार्तँ १८३७ मध्ये.

ज्याँ-ब्लेझ मार्तँ १७६८ साली पॅरिसमध्ये जन्मला आणि राज्यक्रांतीच्या सुमारास रंगभूमीवर आला. १८०१ मध्ये फेदो आणि फाव्हार या प्रतिस्पर्धी मंडळ्या एकत्र आल्या, तेव्हा नव्या ऑपेरा-कॉमिकचे दोन आधारस्तंभ होते : एल्व्यू हा टेनर आणि मार्तँ. वाटणी ठरलेली असे. प्रियकर नायक एल्व्यूकडे, चतुर नोकर मार्तँकडे. मेयुलच्या 'लिराटो'मधला स्कापँ, ब्वाल्द्यूच्या १८१३च्या ऑपेरातला फ्रोंतँ हे असेच नोकर. त्याच वर्षी एल्व्यू निवृत्त झाला आणि १८१४ मध्ये इझुआरच्या 'जोकोंद'ची शीर्षकभूमिका मार्तँने केली. हा जोकोंद मात्र नोकर नव्हे, उमराव आहे.

मार्तँचा आवाज खाली बॅरिटोनचा भरदारपणा राखून वर टेनरच्या प्रदेशात शिरत असे. तिथून पुढे तो फॉल्सेटोचा, म्हणजे छातीचा जोर सोडून घेतलेल्या पातळ तारस्वराचा, मुक्त वापर करी. हे सारे आपण ऐकीव माहितीवरूनच म्हणतो. ध्वनिमुद्रणापूर्वीच्या गायकाचा इतिहास लिहिणे म्हणजे त्याच्यासाठी रचलेल्या ओळींवरून त्याचा गळा ताडणे. साच्यावरून मूर्ती ओळखावी तसे.

पण हा साचा मार्तँच्या निवृत्तीनंतरही वापरात राहिला. त्याच्या बेताने लिहिलेले ऑपेरा गावोगाव होत, त्यामुळे प्रांतिक मंडळीतही एक 'मार्तँ', एक 'त्रियाल', एक 'द्युगाझों' लागे. द्युगाझों ही अभिनेत्री-गायिका; तिच्याही नावाची अशीच जात झाली. माणसाचे नाव हे नोकरीतल्या पदाचे नाव बनले. मला या प्रथेत गौरवापेक्षा व्यवहार अधिक दिसतो.

१८३७च्या एप्रिलमध्ये द्युप्रे या टेनरने पॅरिसच्या ऑपेरात 'गीय्योम तेल'मधला तारषड्ज छातीच्या पूर्ण जोरावर लावला आणि हळूहळू रसिकांची अभिरुची त्या बाजूला झुकली. ऑक्टोबरमध्ये मार्तँ गेला. संगीतशाळेत त्याने दोन टप्प्यांत अध्यापन केले होते, पण ज्या फॉल्सेटोवर त्याच्या गाण्याचा डोलारा उभा होता, तो पुढच्या पिढ्यांना जुनाट वाटू लागला.

दब्युसीच्या 'पेलेआस ए मेलिझांद'मध्ये १९०२ साली ज्याँ पेरियेने पेलेआस गायला. १९११चा रामिरोही त्याचाच. आज 'बॅरितोन-मार्तँ' म्हटले की अभ्यासकाला हाच पेलेआस आठवतो : हलका, उंच, बोलण्याच्या जवळ जाणारा आवाज. तानांची नक्षी नाही, नोकराचा खट्याळपणा नाही. संज्ञा तीच राहिली आणि तिच्यातला माणूस बदलला. समीक्षेतल्या कितीतरी शब्दांचे असेच झाले आहे. मार्तँ खरोखर कसा गात होता, हे शोधायचे तर पेलेआस बाजूला ठेवून 'जोकोंद'ची स्वरलिपी उघडावी लागते.