पुरावा मागणारा थॉमस

आम्हां गोवेकरांना भारतातला ख्रिस्ती धर्म म्हटला की पहिल्यांदा आठवते ते १५१० साल. आल्बुकेर्क आला आणि त्याच्यामागून पाद्री आले. मीही बरीच वर्षे असेच धरून चाललो होतो. पुढे एकदा चेन्नईला जाणे झाले. तिथे मैलापूरच्या सान थोमे चर्चमधल्या थडग्यापाशी उभा राहिलो आणि हा समज डळमळला. तिथल्या परंपरेनुसार ते थडगे येशूच्या बारा शिष्यांपैकी एकाचे, थॉमसचे आहे.

हा थॉमस होता तरी कोण? त्याचे नाव आरामी भाषेतल्या ‘जुळा’ या अर्थाच्या शब्दावरून आले. योहानाच्या शुभवर्तमानात तो मोजकेच बोलतो. येशूच्या जिवाला धोका असताना यहूदियात परत जायचे ठरले, तेव्हा आपणही त्याच्याबरोबर मरायला जाऊ म्हणणारा हाच. येशू पुन्हा उठला ही बातमी इतरांनी सांगितली, तेव्हा जखमांत बोट घातल्याशिवाय मी मानणार नाही म्हणून अडून बसला तोही हाच. जगाने मात्र त्याचे धाडस विसरून संशय तेवढा लक्षात ठेवला.

तो भारतात आल्याची सर्वांत जुनी सविस्तर कथा ‘थॉमसची कृत्ये’ या ग्रंथात आहे. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला, बहुधा एडेसा शहरात, तो सिरियाक भाषेत लिहिला गेला. त्यात हब्बान नावाचा व्यापारी थॉमसला गुलाम म्हणून विकत घेतो आणि गुंडफर राजाकडे आणतो. राजा त्याला महाल बांधायला पैसे देतो, थॉमस ते गरिबांत वाटून टाकतो आणि महाल स्वर्गात बांधला असे सांगतो!

ही निव्वळ दंतकथा, असे अभ्यासक मानत. पण एकोणिसाव्या शतकात काबूल आणि पंजाबकडे याच राजाची नाणी सापडली. तख्त-इ-बाहीच्या शिलालेखातही त्याचे नाव मिळाले. काळ साधारण पहिल्या शतकाचा पूर्वार्ध, म्हणजे थॉमसचाच. राजा खरा निघाला. पण राजा खरा म्हणून पाहुणाही खरा, असे म्हणता येत नाही.

केरळची परंपरा वेगळी. तिच्यानुसार थॉमस इ. स. ५२ मध्ये कोडुंगल्लूरजवळ उतरला, त्याने सात चर्चे स्थापली आणि ७२ मध्ये मैलापूरला तो मारला गेला. त्या काळी मिऱ्यांसाठी रोमन साम्राज्यातली जहाजे मुझिरिस बंदराला येत असत, तेव्हा प्रवास अशक्य नव्हता. पण मलबारच्या ख्रिस्ती वस्तीचा स्पष्ट उल्लेख सहाव्या शतकात कॉस्मस या व्यापाऱ्याच्या लेखनात मिळतो आणि कोल्लमचे ताम्रपट ८४९ सालचे आहेत. थॉमस स्वतः आला होता हे यांतून सिद्ध होत नाही. मात्र पोर्तुगीज येण्याआधी जवळजवळ हजार वर्षे इथे ख्रिस्ती लोक नांदत होते, एवढे निश्चित.

आता आमच्या गोव्याचा संबंध. तो फारसा अभिमानाचा नाही. जून १५९९ मध्ये गोव्याचे आर्चबिशप आलेक्सो द मेनेझिस यांनी केरळात उदयंपेरूर येथे धर्मसभा भरवली. स्वतःला थॉमसचे वारस म्हणवणाऱ्या त्या लोकांच्या चालीरीती चुकीच्या ठरवण्यात आल्या. त्यांचे सिरियाक ग्रंथ दुरुस्त करावेत किंवा जाळावेत, असा ठराव झाला. गोव्यात हिंदूंची देवळे पाडली गेली हे आम्ही विसरत नाही, विसरूही नये. पण त्याच सत्तेने ख्रिस्ती लोकांचेच ग्रंथ जाळले, हे आमच्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? अखेर १६५३ मध्ये मट्टांचेरी इथे जमून त्या लोकांनी जेझुइटांचा अंमल झुगारण्याची शपथ घेतली.

जुन्या गोव्यातला सांता मोनिकाचा मठ याच मेनेझिस यांनी सुरू केलेला. त्याच्यावरून जाताना मला हल्ली ते जळालेले ग्रंथ आठवतात. थॉमस खरोखर भारतात आला होता का, याचे उत्तर कदाचित त्यांतही नसेल. पण विचारायची सोयच उरली नाही. आणि पुराव्यावाचून मानणार नाही म्हणणाऱ्या थॉमसच्या नावाने जगणाऱ्या लोकांच्या वाट्याला हे यावे, याचेच मला अधिक वाईट वाटते.