शिक्षण व सामाजिक विषमता

शिक्षण समाजातील विषमता टिकवू शकते, तसेच तिला आव्हानही देऊ शकते. अहमदनगर (विद्यमान अहिल्यानगर) येथील अमेरिकन मिशनच्या मुलींच्या शाळेपासून प्रेरणा घेऊन जोतीराव फुले यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. हंटर आयोगापुढील निवेदनात (१८८२) त्यांनी दाखवून दिले, की सरकारी महसूल मुख्यतः रयतेच्या श्रमातून येतो. पण त्यातून पोसलेल्या उच्च शिक्षणाचा लाभ वरिष्ठ वर्गांनाच मिळतो. म्हणून बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी त्यांची मागणी होती. भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापिलेल्या रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांत विविध जातींची मुले एकत्र राहून श्रम करीत शिकली. केवळ प्रवेश मात्र पुरेसा नसतो; वरिष्ठ वर्गाची भाषा व संस्कार यांनाच शाळा गुणवत्ता मानते, हे फ्रेंच समाजशास्त्रज्ञ प्येअर बूर्द्य व झां-क्लोद पासराँ यांनी १९७० मध्ये प्रतिपादिले.