डेकदुरुस्ती, लाकडी नौकेची : फायबरग्लास व रेझीनची पद्धत

लाकडी नौकेच्या डेकचा कुजलेला भाग कापून काढणे, तिथे नवे लाकूड बसवणे आणि वरून रेझीनमध्ये भिजवलेले काचतंतूंचे कापड चढवणे, असे हे तिहेरी काम आहे. कापड चढवणे हा त्यातला शेवटचा आणि त्या मानाने सोपा टप्पा. डेक टिकणार की नाही, हे त्याआधीच्या कापण्यात आणि सुकवण्यात ठरते.

डेकचा खरा शत्रू समुद्राचे पाणी नसून पावसाचे पाणी आहे. खारे पाणी लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला फारसे मानवत नाही. गोडे पाणी मानवते. दोर बांधायच्या खुंट्या, कठड्याचे खांब, झडपांच्या चौकटी यांच्या बोल्टांभोवतीचे सील सैल झाले की थेंब थेंब पाणी आत झिरपते. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या वर रेंगाळला की कुजणे सुरू होते आणि रंगाखाली ते महिनोन्‌महिने दिसत नाही. म्हणून जाणकार मिस्त्री आधी हातोडीच्या दांड्याने डेक ठोकून पाहतो. निरोगी लाकडाचा आवाज खणखणीत येतो, कुजलेल्याचा बद्द येतो.

फायबरग्लास येण्यापूर्वी पाश्चात्त्य नौकांच्या डेकवर रंगात बसवलेले कॅनव्हास ताणून लावत. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या टोलेडो शहरी रे ग्रीन यांनी १९४२ मध्ये काचतंतू व पॉलिएस्टर रेझीनची होडी घडवली. महायुद्धानंतर हे साहित्य स्वस्त झाले, तशी जुन्या लाकडी डेकवरही त्याचे थर चढू लागले. मात्र पॉलिएस्टर लाकडाला घट्ट धरत नाही. लाकूड फुगते, आकसते; कवच सुटते, आणि सुटलेल्या कवचाखाली पाणी अडकून राहते. या पद्धतीची जी बदनामी झाली, तिचे मोठे कारण हे रेझीन होते.

चित्र पालटले ते इपॉक्सी या दुसऱ्या रेझीनमुळे. मिशिगनमधल्या बे सिटीच्या गूजन बंधूंनी इपॉक्सीने लाकडाचे सांधे जोडून, सर्व बाजूंनी तेच लेपून १९७० मध्ये ‘अडाजिओ’ ही तीन सांगाड्यांची शिडाची नौका पाण्यात सोडली. लाकूड कोरडे असतानाच त्याच्या सहाही बाजू बंद करायच्या, हे त्यांचे सूत्र. आजची चांगली डेकदुरुस्ती त्याच सूत्रावर चालते.

कुजलेला भाग काढताना त्याच्या पलीकडचे थोडे निरोगी लाकूडही काढावे लागते. प्लायवुडच्या कडा उतरत्या तासतात. जाडीच्या आठपट लांबीचा उतार हे रूढ माप. मग डेक झाकून सुकू द्यायचा. ओलावा १२ टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत इपॉक्सीचा डबा उघडण्यात अर्थ नाही. येथे घाई केली तर ओलावा आतच कोंडला जातो आणि दुरुस्तीच पुढच्या कुजण्याला कारण ठरते.

सुकलेल्या लाकडावर आधी पातळ इपॉक्सीचा हात, त्यावर सिलिका घालून घट्ट केलेल्या इपॉक्सीत नवा तुकडा, मग घासून सपाट केलेल्या पृष्ठावर कापड. डेकसाठी साधारणपणे चौरस मीटरला २०० ते ३५० ग्रॅम वजनाचे विणलेले कापड वापरतात. ते भिजून पारदर्शक झाले पाहिजे. पांढुरका डाग दिसला तर तिथे रेझीन कमी पडले किंवा हवा राहिली. हे काम तापमान उतरत असताना, म्हणजे दुपारनंतर करावे. सकाळी केले तर तापत्या लाकडातली हवा बाहेर पडून थरात बुडबुडे धरतात. विणीच्या खाचा भरण्यासाठी पुढचे हात द्यावे लागतात. इपॉक्सी उन्हाने खराब होते, म्हणून वर रंग हवाच. पाय घसरू नये म्हणून त्यात बारीक वाळू मिसळतात.

बोल्टांची भोके तशीच सोडणे ही घोडचूक. भोक मोठे करून इपॉक्सीने भरावे आणि मग त्यातूनच नवे भोक पाडावे, म्हणजे गळती झाली तरी पाणी लाकडाला लागत नाही. हातमोजे आणि मास्क टाळू नयेत. इपॉक्सीची त्वचेला जडलेली ॲलर्जी सहसा कायमची असते.

कोकणात १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीत नौका शाकारलेल्या असतात, त्यामुळे दुरुस्तीला मोकळा वेळ तोच. पण पावसाळी हवेत लाकूड सुकत नाही आणि काही इपॉक्सींच्या पृष्ठावर चिकट मेणासारखा थर येतो. तो पाण्याने धुतल्याशिवाय पुढचा हात धरत नाही. म्हणून हे काम पावसाळ्याआधी उरकलेले बरे.

लाकूड आणि काचतंतू यांची जोडी दर्यावर काय पेलू शकते, याचा दाखला गोव्यात आहे. दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या गोदीत बांधलेली ‘म्हादेई’ लाकडाच्या गाभ्यावर फायबरग्लास चढवलेली आहे. २००९ मध्ये नौदलात दाखल झालेल्या या नौकेतून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये आणि अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. टॉमी यांची तर कुठेही न थांबता.

प्रत्येक डेकला मात्र ही पद्धत मानवत नाही. प्लायवुडचा डेक फारसा हलत नाही, म्हणून त्यावर कापड वर्षानुवर्षे टिकते. सुट्या फळ्यांच्या डेकवर प्रत्येक फळी स्वतंत्र फुगते आणि सांध्यांवर कापड चिरते. अशा डेकवर थेट कापड चढवण्यापेक्षा फळ्या काढून तुळयांवर प्लायवुड टाकावे आणि मग ते झाकावे, किंवा फळ्यांच्या फटी जुन्या रीतीने कापूस ठासूनच बुजवाव्यात.