तापाच्या लशीची कुळकथा

पुण्याजवळच्या कासारवाडीत लसीकरणाच्या दिवशी रांगेतल्या आया एकमेकींना हमखास विचारतात, "आज तापाची आहे का गं?" तापाची म्हणजे पेंटा. सिस्टर बाळाच्या मांडीत सुई टोचतात, कार्डावर तारीख घालतात आणि ठरलेलं सांगणं सांगतात: "रात्री ताप येईल, घाबरायचं नाही. तापाचे थेंब द्या, टोचलेल्या जागी चोळू नका." बाळ रात्रभर किरकिरतं, मांडीला गाठ येते, आणि घरातली म्हातारी विचारते, "चांगलं खेळतं लेकरू, कशाला टोचून आणलंस?" ऐपत असलेले लोक मग खासगी दवाखान्यात पैसे मोजून 'पेनलेस' लस घेतात. ती जास्त चांगली, असाही एक समज आहे.

पेंटात पाच रोगांवरची लस असते: घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, 'ब' कावीळ आणि हिब (हिमोफिलस इन्फ्लुएंझा 'ब' जंतूचा संसर्ग). तापाचा बराचसा उपद्व्याप मात्र एकट्या डांग्या खोकल्याच्या घटकाचा.

डांग्या खोकल्याचा जंतू बोर्डेटेला परट्युसिस. कुत्र्याडुकरांना खोकला आणणारा बोर्डेटेला ब्राँकिसेप्टिका हा त्याचा भाऊबंद. 2003 मध्ये दोघांची जनुकं उलगडली, तेव्हा दिसलं की परट्युसिसनं त्या कुळातली पुष्कळ जनुकं टाकून दिली आहेत. आता माणसाच्या श्वासनलिकेखेरीज त्याला कुठे थारा नाही. तिथल्या बारीक केसांना तो चिकटतो आणि विष सोडून त्या पेशी मारतो. कफ वर ढकलणारे केसच गेल्यावर उरतो फक्त खोकला, आणि त्या खोकल्यावर स्वार होऊन जंतू पुढच्या घरी जातो.

पहिला आठवडा-दोन आठवडे साधं सर्दी-पडसं दिसतं. कुणाला शंकाही येत नाही, आणि संसर्ग सर्वांत जास्त तेव्हाच पसरतो. मग उबळी सुरू होतात. मूल एकाच श्वासात दहा-पंधरा वेळा खोकतं, तोंड लाल होऊन काळंनिळं पडतं, जीभ बाहेर येते, डोळ्यांतून पाणी वाहतं. शेवटी हवा आत ओढताना लांब 'हूऽऽप' असा आवाज येतो आणि चिकट कफासकट उलटी होते. दोन उबळींच्या मध्ये तेच मूल बरं दिसतं, म्हणून डॉक्टरांपुढे नेलं की नेमकं काहीच आढळत नाही. हे आठवडेच्या आठवडे चालतं. तान्ह्या बाळाला तर कधी कधी ना उबळ, ना आवाज. ते नुसतं श्वास घ्यायचं थांबतं. मृत्यू जास्त होतात ते याच वयात.

कासारवाडीच्या पुढचं स्टेशन पिंपरी. तिथे 1954 साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला आणि पुढच्या वर्षी पेनिसिलिन निघू लागलं. देशाला केवढं अप्रूप त्याचं! पण हा जंतू पेनिसिलिनला दाद देत नाही. एरिथ्रोमायसिन, अझिथ्रोमायसिननं तो मरतो. मात्र उबळी सुरू झाल्यावर औषध दिलं, तर दुसऱ्याला होणारी लागण थांबते, उबळी काही थांबत नाहीत. विषानं आपलं काम आधीच उरकलेलं असतं. म्हणून इथे आधी टोचणंच खरं.

डांग्या खोकल्याच्या पॅरिसमधल्या 1578 च्या साथीचं वर्णन गियोम द बायू या वैद्यानं लिहून ठेवलं आहे. जंतू हाती लागायला मात्र 1906 साल उजाडलं. ब्रुसेल्समध्ये झ्यूल बोर्दे आणि ऑक्ताव्ह झाँगू यांनी बटाटा, ग्लिसरीन आणि रक्त घातलेल्या खाद्यावर तो वाढवला. लशी लगेच निघाल्या, पण बहुतेक कुचकामी. करून दाखवलं ते अमेरिकेत मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सच्या दोघींनी, पर्ल केंड्रिक आणि ग्रेस एल्डरिंग यांनी. दोघी पूर्वाश्रमीच्या शाळामास्तरणी. 1932 चा मंदीचा काळ; दिवसभर सरकारी प्रयोगशाळेत काम आणि संध्याकाळी आजारी मुलांची घरं, कधी रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात. मुलाच्या तोंडासमोर काचेची बशी धरायची, त्याला खोकायला लावायचं, आणि त्या बशीत जंतू वाढवायचा. तोच मारून लस केली. पहिल्या चाचणीत टोचलेल्या 712 मुलांपैकी 4 जणांना खोकला झाला, न टोचलेल्या 880 पैकी 45 जणांना. पुढे त्यांनीच घटसर्प-धनुर्वाताच्या लशी तिच्यात मिसळल्या. आपल्याकडे तीच त्रिगुणी.

या लशीत मारलेला जंतू अख्खाच्या अख्खा असतो. त्याच्या सालपटातलं विषही त्यातच. शरीर त्याच्याशी झुंजतं आणि ताप येतो. जपानमध्ये लसीनंतर दोन बाळं दगावली आणि 1975 मध्ये लसीकरण काही काळ थांबलं. लोकांचा विश्वास उडाला, टोचून घेणारी मुलं घटली आणि 1979 मध्ये साथ आली: 13 हजार रुग्ण, 41 मृत्यू. त्या भीतीतून युजी सातो यांनी जंतूची मोजकी प्रथिनं वेगळी काढून सौम्य लस बनवली. पेनलेसचं कूळ हे. ताप कमी, पण तिची राखण लवकर ओसरते. कॅलिफोर्नियात मुलांना तीच लस दिली जात होती, तरी 2010 मध्ये नऊ हजारांवर रुग्ण सापडले आणि दहा तान्ही बाळं गेली.

भारतानं 1978 पासून सरकारी कार्यक्रमात अख्ख्या जंतूचीच लस ठेवली, आणि माझ्या मते योग्य केलं. ती बनते कुठे? 1966 मध्ये हडपसरला सुरू झालेल्या सीरम इन्स्टिट्यूटमध्येही, म्हणजे पुण्याच्या दुसऱ्या टोकाला. तिथली पेंटा परदेशांतही जाते. तेव्हा फुकटची म्हणून तिला कमी लेखू नये. पेनलेस घेतलेल्यांनीही अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही. न टोचण्यापेक्षा ती शतपट बरी.

घोळ होतो तो पुढच्या डोसांचा. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांचे डोस आई आठवणीनं देते. सोळा ते चोवीस महिन्यांचा आणि पाच-सहा वर्षांचा बूस्टर मात्र राहून जातो. कासारवाडीत मराठवाडा-विदर्भातून आलेली बिऱ्हाडं पुष्कळ; बाळंतपण माहेरी, सुट्टी गावी, आणि कार्ड इथे ट्रंकेत. गावी निघताना ते कार्ड पिशवीत टाका. कोणत्याही सरकारी उपकेंद्रात राहिलेला डोस फुकट मिळतो.